डासांबद्दल अवाक्षर न काढणारं क्रीम

जुलै महिन्यात, तळ्याच्या काठी, ऐन संध्याकाळी लग्न लावायचं ठरवणारी माणसं दोनच प्रकारची असतात: परगावची किंवा प्रेमात पडलेली. माझी भाची सिग्नी जन्मापासून मिनेसोटातली, त्यामुळे निदान सोपं होतं.

“तळ्यावर?” तिची आई, म्हणजे माझी थोरली बहीण बेव्ह, कॉफीचा कप खाली ठेवत म्हणाली. “हो का. वेगळंच आहे.”

आमच्या नॉर्डबी गावात कोणी कोणाला तोंडावर ‘नको’ म्हणत नाही. ‘वेगळंच आहे’ म्हणतात. नवे पडदे असोत, नवा पाद्री असो, एकदा ‘वेगळंच आहे’ असा शेरा पडला की विषय संपला. वर अपील नाही.

पण सिग्नी बेव्हचीच मुलगी. ती म्हणाली, “बाबांनी बांधलेल्या धक्क्यावर उभं राहून मला लग्न करायचंय. बस्स.”

माझा मेहुणा आर्नी तीन हिवाळ्यांपूर्वी गेला. तळ्यात शिरलेला तो लाकडी धक्का त्याने एकट्याने बांधला होता, आणि तो जरा डावीकडे कलतो हे गावात सगळ्यांना माहीत असूनही आजवर कोणी बोललेलं नाही.

“आणि डास?” बेव्ह म्हणाली. “पाद्रीबुवा ‘प्रियजनहो’ म्हणेपर्यंत नवरी अर्धी उरेल. चर्चचं तळघर आहे. पंखे आहेत. मी सांगूनसुद्धा ठेवलंय.”

“आपण फवारा मारू ना.”

“मार. लग्नाच्या फोटोत अंगभर उठलेल्या गांधी घेऊन उभी राहा.”

हे मात्र खरं होतं. दुकानातला कुठलाही फवारा सिग्नीच्या कातडीला सोसत नाही. तिचा चेहरा पडला. आणि मी, जिने सगळी नोकरी जिल्ह्याच्या पाणी-तपासणी प्रयोगशाळेत काढली, निकाल हातात आल्याशिवाय तोंड उघडायचं नाही हे जिच्या अंगी मुरलेलं, ती मी म्हणाले, “डासांचं मी बघते.”

बेव्हने माझ्याकडे पाहिलं. धाकट्या बहिणीने विडा उचलला की थोरल्या बहिणी जसं पाहतात तसं.

“ठीक आहे आर्डिस,” ती म्हणाली. “लग्नाच्या आधीच्या रविवारी, सूर्य मावळताना, मी त्या धक्क्यावर बसून एक कप कॉफी पिईन. एक जरी डास चावला तरी लग्न तळघरात.”

सिग्नीने मला मिठी मारली. बेव्ह तळघरातल्या टेबलांवर कुठली चादर बसेल त्याचा विचार करू लागली.

माझी योजना साधी होती. माझ्या गॅरेजमागे कॅटनिपचं रान माजलेलं आहे. ही पुदिन्याच्या कुळातली वनस्पती. मांजरांना तिचं वेड आणि डासांना तिचं वावडं, दोन्ही गोष्टी प्रयोगांनी सिद्ध झालेल्या. तिचं तेल काढायचं, मेणाच्या आणि सूर्यफुलाच्या तेलाच्या क्रीममध्ये अगदी थोडं मिसळायचं, ते नवरीच्या हाता-मानेला लावायचं. कातडी मऊ, डास दूर. या योजनेत मांजरांचा उल्लेख मी फक्त वनस्पतीची ओळख म्हणून केला होता. मांजरांनी तो तसा घेतला नाही.

तेल काढायला वाफ हवी. आमच्याकडे प्रत्येक घरात बीन्स आणि टोमॅटो बरण्यांत भरून टिकवायला एक अजस्र कुकर असतो. तो मी गॅरेजमध्ये मांडला. तांब्याची नळी शेजारच्या व्हर्जिलने दिली. व्हर्जिल हा विधुर, रस्त्यावरचा बर्फ उपसणारा ट्रक जन्मभर चालवून निवृत्त झालेला. उन्हाळ्यात त्याला काम नसतं, मतं असतात. त्याच्या बोक्याचं नाव डिझेल. रंगाने तो त्या ट्रकसारखाच नारिंगी, आणि वाटेत आलेली वस्तू बाजूला सारण्याची पद्धतही तीच.

“नळी उलटी लावलीस,” व्हर्जिल म्हणाला.

“नाही लावली.”

“नाही, मी आपलं म्हटलं. माझ्या आजोबांनी नळी अशी लावली असती.”

“ते काय काढायचे?”

“ते वेगळं,” व्हर्जिल म्हणाला, आणि आभाळाकडे पाहू लागला.

नळीतून थेंब थेंब दुधट पाणी बरणीत पडू लागलं. तेवढ्यात बेव्हचा फोन आला. ती तळघरातल्या पंख्यांच्या वाऱ्याचं वर्णन करत होती. मी आत गेले. जाताना मी व्हर्जिलला म्हणाले, “वर तेल तरंगायला लागलं की हाक मार.”

वनस्पतींची सुगंधी तेलं पाण्यावर तरंगतात हे व्हर्जिलला माहीत होतं. मलाही माहीत होतं. लव्हेंडर तरंगतं, पुदिना तरंगतो, संत्र्याच्या सालीचं तेल तरंगतं. कॅटनिपला मात्र हे कोणी सांगितलं नव्हतं. त्याचं तेल पाण्याहून जड. ते मुकाट्याने तळाशी जाऊन बसलं, आणि मी परत आले तेव्हा व्हर्जिल रिकामी बरणी पुसत होता.

“वर काही आलंच नाही बघ,” तो म्हणाला. “नुसतं वासाचं पाणी. म्हटलं वाया कशाला घालवा, माझ्या टोमॅटोंना घातलं.”

मी मनातल्या मनात त्या तेलाचा शोक केला. दुसऱ्या दिवशी सकाळी व्हर्जिलच्या वाफ्यात गावातली यच्चयावत मांजरं लोळत होती. टोमॅटोची रोपं जमीनदोस्त झाली होती. मधोमध डिझेल चारी पाय वर करून, आयुष्याचं सार्थक झाल्याच्या चेहऱ्याने पडला होता. व्हर्जिल कॉफीचा कप घेऊन दारात उभा होता. त्याने तो विध्वंस बराच वेळ न्याहाळला.

“वेगळंच आहे,” तो म्हणाला.

मला मात्र आनंद झाला होता. मांजर हे अतिशय संवेदनशील उपकरण आहे. ज्या अर्थी मांजरं टोमॅटोत होती, त्या अर्थी तेल टोमॅटोत होतं. ज्या अर्थी तेल टोमॅटोत होतं, त्या अर्थी ते बरणीच्या तळाशी होतं. पुढच्या वेळी मी वरचं पाणी हलकेच ओतून टाकलं आणि तळाशी बसलेला पिवळसर थर काचेच्या नळीने उचलून घेतला. गॅरेजचं दार मी बंदच ठेवलं होतं. बाहेरून नखांचा आवाज येत होता.

क्रीम उत्तम जमलं. वासाबद्दल मात्र तसं म्हणता येणार नाही. पुदिना ओल्या गोठ्यात महिनाभर कोंडून ठेवला तर जसा येईल, तसा तो वास होता. मी डबी चर्चमधल्या बायकांच्या कॉफीला घेऊन गेले. डबी टेबलभर फिरली. प्रत्येकीने वास घेतला, प्रत्येकीने मान डोलावली, आणि डबी माझ्याकडे परत आली तेव्हा ‘वेगळंच आहे’ हे मी इतक्या वेळा ऐकलं होतं की घरी येताना मला रडू फुटायचं बाकी होतं.

पण आमच्या बायका टीका करत नसल्या तरी सल्ला देतात. संध्याकाळपर्यंत माझ्या ओट्यावर तेलांच्या छोट्या बाटल्यांची रांग लागली. एकीने दालचिनी दिली होती (“नाताळसारखं वाटतं ना!”), एकीने लवंग, एकीने तिच्या सुनेकडून आलेलं निलगिरी, आणि बेव्हने न बोलता गुलाबाचं. सुगंधी आहे, झाडापासून आलेलं आहे, म्हणजे बाधायचं नाही, हा समज फार गोड आहे. तो मी माझ्या डाव्या हातावर तपासला. बाटलीमागे एक ठिपका, अगदी पातळ करून, मनगटापासून कोपरापर्यंत. दालचिनीच्या जागी कातडी उकडलेल्या बिटासारखी झाली. लवंगेने तिला साथ दिली. शेवटी मान मिळाला रांगेतल्या लव्हेंडरला आणि किंचित जिरेनियमला. गोठा गेला असं म्हणता येणार नाही, पण आता गोठ्याच्या खिडकीत कोणीतरी फुलं ठेवली होती.

मग सिग्नीची परीक्षा. तिच्या कोपराच्या आतल्या बाजूला जरासं क्रीम लावून मी पट्टी बांधली. दुसऱ्या दिवशी मी पट्टी सोडली. कातडी स्वच्छ होती.

“मावशी!” सिग्नी ओरडली. “एक गांधसुद्धा नाही!”

“अजून एक दिवस थांबू या,” मी म्हणाले, कारण एका निकालावर नाचायची माझी पद्धत नाही. दुसऱ्या दिवशी मात्र मी स्वयंपाकघरात, पडदे ओढून, थोडीशी नाचले.

एक अडचण उरली होती. ती चार पायांची होती. क्रीम लावून मी गावातल्या वाचनालयात गेले, आणि पुस्तक बदलून बाहेर आले तर पायरीवर मांजरं बसली होती. मी चालू लागले, तीही चालू लागली. मी थांबले, तीही थांबून पंजे चाटू लागली. एकटी राहणारी, निवृत्त, चष्मा लावणारी, गॅरेजमध्ये काढे उकळणारी बाई. चेटकिणीच्या या चित्रात फक्त मांजरांची उणीव होती, आणि ती उणीव मी जन्मभर कटाक्षाने सांभाळली होती. आता भर मुख्य रस्त्यावरून मी पुढे आणि शेपट्या वर केलेली मिरवणूक मागे. न्हाव्याच्या दुकानातून लोक बाहेर आले. कोणी हसलं नाही. त्यांनी टोप्या काढून मला नमस्कार केला, हे जास्त लागलं.

“उत्तम,” बेव्ह म्हणाली. तिच्या कानावर हे माझ्या आधी पोचलं होतं. “तळघराला दार आहे. मांजरं आत येत नाहीत.”

मग तिने विचारलं, की समजा, फक्त समजा, लग्न तळ्यावर झालंच, तर एकट्या नवरीला क्रीम लावून काय उपयोग? सगळे पाहुणे चावून निघतील त्याचं काय? तर प्रत्येकाला एक डबी हवी. आणि डबी द्यायची तर तिच्यावर लेबल हवं. बेव्हच्या विरोधात एवढी शिस्त असते, की ती विरोध करता करता निम्मं काम करून टाकते.

लेबलावर काय लिहायचं हे विचारायला मी सरकारी कचेरीत फोन केला. विचारल्याशिवाय लिहायची मला सवय नाही. डोरीन नावाच्या बाई बोलत होत्या; लग्नात डब्या वाटायच्या आहेत, एवढं मी त्यांना सांगितलं.

“क्रीम काय करतं?” त्यांनी विचारलं.

“कातडी मऊ करतं आणि डास—”

“थांबा! कातडी मऊ करतं म्हणालात तर ते सौंदर्यप्रसाधन. हरकत नाही. खाज बरी करतं म्हणालात तर ते औषध. त्याचे नियम वेगळे.”

“खाज नाही हो. डास—”

“आणि ते दुसरं म्हणालात,” बाईंनी आवाज खाली आणला, “तर ते कीटकनाशक. त्याची नोंदणी लागते. चाचण्या लागतात. तुमचं लग्न कधी आहे?”

“माझं नाही, भाचीचं. या महिन्यात.”

“तिच्या मुलांच्या लग्नाला होईल.”

“पण बाई, ते खरंच डास—”

“मी ऐकलेलं नाही. तुम्ही बोललेला नाहीत. लेबलावर ते नको, फलकावर नको, पाहुण्यांना तोंडीही नको.”

मी फोन ठेवला. जन्मभर मी पाण्यात जे आहे ते आहे आणि जे नाही ते नाही असं लिहून सही केली. आता माझ्या हातात आयुष्यातला सगळ्यात चांगला निकाल होता आणि तो मला कोणाला सांगायची बंदी होती. लेबलावर मी लिहिलं: ‘हातांसाठी क्रीम. त्वचा मऊ होते.’ त्याखाली घटकांची नावं. एवढं खरं आणि एवढं अपुरं वाक्य मी आजवर लिहिलं नव्हतं.

रविवार आला. बेव्ह धक्क्याच्या टोकाला खुर्ची टाकून बसली. हातात कॉफी, हाताला-मानेला-पायाला माझं क्रीम. मी मागे उभी होते. व्हर्जिल साक्षीदार म्हणून आला होता आणि स्वतःला क्रीम लावून घ्यायला विसरल्यामुळे आपल्याच अंगावर चापट्या मारत होता. शास्त्रीयदृष्ट्या ही फार चांगली तुलना होती.

सूर्य खाली गेला. लव्हाळ्यातून डास उठले, तळ्यावर त्यांचा पडदा लोंबू लागला. ते बेव्हच्या दिशेने आले, हातभर अंतरावर घुटमळले आणि व्हर्जिलकडे गेले. बेव्हची कॉफी संपली. एकही डास चावला नव्हता.

“झालं,” मी म्हणाले.

“हं,” बेव्ह म्हणाली. “पण वारा आहे इथे. सिग्नीचे केस उडतील. आणि धक्का कलतोय. तळघरच बरं.”

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आर्नी गेल्यापासून बेव्हने या धक्क्यावर पाऊल ठेवलं नव्हतं. दर उन्हाळ्यात ती म्हणायची, डास फार आहेत. आम्ही म्हणायचो, हो ना, फार आहेत. सगळं गाव इतकं सभ्य, की त्या डासांबद्दल कोणी कधी शंका घेतली नाही. मी महिनाभर खपून नेमकं तिचं निमित्त काढून घेतलं होतं.

ती उठायला लागली. तेवढ्यात किनाऱ्यावरून एक नारिंगी आकृती धावत आली आणि धपकन बेव्हच्या मांडीवर पडली. डिझेलने तिच्या मनगटाला गाल घासला, डोळे मिटले आणि ट्रकसारखी घरघर सुरू केली.

“हाकल याला,” बेव्ह म्हणाली.

“क्रीमचा गुण आहे,” व्हर्जिल म्हणाला. “आता तो हलत नसतो.”

बेव्ह बसून राहिली. मांडीवर झोपलेलं मांजर उठवणं आमच्याकडे चर्चमध्ये खोकण्याइतकंच वाईट. पाणी तांबूस झालं, मग जांभळं. मग ती म्हणाली, “आर्नीला मांजरं आवडायची नाहीत.”

“त्याला आवडायची,” मी म्हणाले. “तुला आवडायची नाहीत. तो इथे बसून त्यांना मासे घालायचा.”

“माझे मासे?”

“तुझेच.”

बेव्ह हसली. मग तिने डोळे पुसले, क्रीमच्याच हाताने, त्यामुळे तिला आणखी पुसावे लागले. “बरं,” ती डिझेलच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली. “तळघरवाल्यांना कळवते उद्या.”

लग्नाच्या दिवशी तळ्याच्या काठी खुर्च्या मांडल्या होत्या आणि वाटेवर टोपलीभर डब्या. मी टोपलीशेजारी उभी राहिले, ओठ घट्ट मिटून. सूर्य उतरला. लव्हाळ्यातून पहिली गुणगुण ऐकू आली. आणि माझ्या लक्षात आलं, की मी एक गोष्ट विसरले होते. आमच्याकडे कुठल्याही वस्तूतलं पहिलं कोणी घेत नाही. तो अधाशीपणा. आणि शेवटचं तर कोणी मेलं तरी घेत नाही. आमच्या जेवणावळीत केकचा शेवटचा तुकडा अर्धा, मग पाव, मग कणभर होत जातो, पण बशी रिकामी होत नाही. लोक टोपलीशी थांबत, लेबल वाचत, “किती छान,” म्हणत आणि पुढे जाऊन बसत. डास उतरले. कोणी त्यांना मारत नव्हतं. लग्नात टाळ्या वाजवल्यासारखं दिसलं असतं.

मी डोळ्यांनी व्हर्जिलला विनवलं. व्हर्जिल पुढे झाला. “माझे हात,” तो सगळ्या तळ्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “फारच कोरडे पडलेत!” आणि त्याने पहिली डबी घेऊन हाताला, मानेला, कानामागे, टकलाला क्रीम फासलं.

जुलैच्या त्या दमट हवेत सगळ्या वऱ्हाडाचे हात एकाएकी कोरडे पडले. बघता बघता टोपलीत दोनच डब्या उरल्या. तेवढ्यात निळ्या टोपीतल्या एक बाई मान खाजवत आल्या.

“मी डोरीन,” त्या म्हणाल्या. “नवऱ्यामुलाची मावशी.”

तो आवाज मी ओळखला. माझी पाचावर धारण बसली.

डोरीनबाईंनी लेबल नीट वाचलं, उलटून खालून वाचलं. मग शांत बसलेल्या वऱ्हाडाकडे पाहिलं. मग स्वतःच्या मानेवरच्या डासाला टिचकी मारली. “हे काय करतं?”

“कातडी मऊ करतं,” मी म्हणाले.

“आणखी काही?”

“नाही.”

“अजिबात काही नाही?”

“कातडी,” मी म्हणाले, “फार मऊ करतं.”

“शाबास,” डोरीनबाई म्हणाल्या, डबी उघडली आणि कोपरापर्यंत क्रीम चोळलं.

व्हायोलिन सुरू झालं. सिग्नी आईच्या हाताला धरून खुर्च्यांमधून निघाली. तिची कातडी नितळ होती, गोठ्याच्या खिडकीतल्या फुलांचा वास दरवळत होता, आणि तिच्या मागून, शेपटी उभी करून, डिझेल. डिझेलच्या मागे गावातली बाकीची मांजरं, जोडीजोडीने, जणू त्यांची तालीम घेतली होती. पाद्रीबुवांनी चष्मा सारखा केला. माझ्यामागे कोणीतरी कुजबुजलं, “मांजरांची कल्पना कोणाची? किती देखणी!” वाचनालयापासून खाली घातलेली माझी मान त्या क्षणी वर आली.

मांजरं धक्क्यावर ओळीने बसली. बेव्ह आर्नीच्या जागी उभी राहिली, किंचित डावीकडे कलून. तळ्यावर डासांचा ढग घोंघावत होता, पण पलीकडे. निमंत्रण न मिळालेल्या पाहुण्यांसारखा. सिग्नीने ‘हो’ म्हटलं तेव्हा ते शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू आलं. कारण कोणी कुठेही खाजवत नव्हतं.

जेवणं झाली. हॅमचे पाव संपले, हॉटडिशचं, म्हणजे बटाटे-खिमा भट्टीत भाजतात त्याचं, भांडं खरवडून झालं. लोक जाता जाता माझ्याशी हात मिळवून म्हणत होते, “हात किती मऊ झाले हो, आर्डिस,” आणि डोळे मिचकावत होते. डासाचं नाव एकानेही काढलं नाही. आमच्या गावाची न बोलण्याची कला त्या दिवशी पहिल्यांदा विज्ञानाच्या कामी आली.

टोपलीत शेवटची डबी तशीच होती. सगळे तिला वळसा घालून जात होते. बेव्ह आली, टोपलीसमोर थांबली, आणि सगळ्या गावादेखत तिने ती उचलून पर्समध्ये टाकली. बोलणी थांबली. काट्याचमच्यांचा आवाज थांबला. व्हर्जिलने टोपी काढली.

“वाईट नाही,” बेव्ह मला म्हणाली.

आमच्याकडे एवढी स्तुती माणूस गेल्यावरसुद्धा करत नाहीत. मी तर धडधाकट उभी होते.

मग तिने कॉफीचा कप भरून घेतला आणि खुर्ची उचलून एकटीच धक्क्याकडे निघाली. एकटी म्हणजे, डिझेल होताच.